कपाटामागचे ४० किलो तांदूळ

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मैत्रीण चाळिशीची, नोकरी करणारी, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते. घरात चौघं: ती, नवरा, शाळेत जाणारी मुलगी आणि बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या सासूबाई. दोन वर्षांपूर्वी वादळानंतर त्यांच्याकडे तीन दिवस लाईट नव्हते, दुकानं बंद, आणि तेव्हापासून ती घरात सामान साठवतेय. कुणालाही न सांगता. घरखर्चातून थोडे थोडे पैसे बाजूला काढून. आजवर कपड्यांच्या कपाटामागे आणि पलंगाच्या पोटात मिळून ४० किलो तांदूळ, तयार खाण्याचे १८ सीलबंद कॅन, दूध पावडरचे चार डबे आणि पाण्याच्या एक-एक लिटरच्या ६ बाटल्या जमल्यात. मागच्या महिन्यात मुलीच्या स्वेटरवर सोंडे निघाले. नवऱ्याने विचारलं तर 'काय माहीत कुठून आले' म्हणून तिने वेळ मारून नेली, आणि रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलच्या उजेडात एकटीच तांदूळ चाळत बसली. एक कॅन फुगलाय, तो टाकवत नाही. लहानपणी वडिलांची नोकरी गेली होती त्या वर्षातला एक आवाज तिच्या अजून कानात आहे, आई पिठाच्या डब्यात वाटी घालायची आणि ती तळाला खरवडायची तो. तिचे प्रश्न तीन: नवऱ्याला सांगू का, तो 'युद्ध होणारे का' म्हणून हसेल. नेमकं किती साठवायचं असतं? आणि मी साठेबाज आहे का?

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण तो लगेच संपेल. नाही, तुम्ही साठेबाज नाही. दुकानात भरपूर माल असताना, घाई नसताना, महिन्याला दोन वस्तू जास्तीच्या घेऊन ठेवणं याला साठेबाजी म्हणत नाहीत. साठेबाजी होते ती बातमी आल्यावर, जेव्हा सगळे एकाच संध्याकाळी एकाच रॅककडे धावतात. २०२० च्या मार्चमध्ये जगभर दुकानांतून टॉयलेट पेपर, पीठ, पास्ता गायब झाले ते आठवा, कारखाने काही बंद पडले नव्हते, प्रत्येकाने त्याच आठवड्यात डबल-तिबल घेतलं एवढंच. ज्याच्या घरी आधीपासून थोडं आहे तो त्या रांगेत नसतो, म्हणजे उलट दुसऱ्यासाठी रॅकवर दोन पाकिटं जास्त राहतात. तेव्हा तो अपराधीपणा आजच सोडा.

आणि वेडेपणा आहे का, जे तुम्ही सरळ विचारलं नाहीत पण पत्रभर तेच आहे, तर तेही नाही. स्वीडनच्या सरकारने २०१८ मध्ये घरोघर एक पत्रिका वाटली, संकट किंवा युद्ध आलं तर काय करायचं, आणि २०२४ मध्ये ती सुधारून पुन्हा वाटली, त्यात निदान एक आठवडा आपलं आपल्याला भागवता आलं पाहिजे असं म्हटलंय. जर्मनी १० दिवसांचं सांगते. जपान, जिथे भूकंप नेहमीचेच, तिथे कमीत कमी ३ दिवस आणि जमलं तर आठवडा. युरोपियन युनियनने मार्च २०२५ मध्ये ७२ तासांचं म्हटलं आणि पुढच्याच महिन्यात, २८ एप्रिलला, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये भर दुपारी लाईट गेले, बऱ्याच भागात रात्रीपर्यंत आणि काही ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी आले. युद्ध-बिद्ध काही नव्हतं. तुमचा नवरा 'युद्ध होणारे का' म्हणाला तर हे सांगा, नको तर हेही नको, तुमच्याकडचेच ते तीन दिवस आठवून द्या, तो पण घरातच होता ना?

आता जिथे माझं तुमच्याशी पटत नाही तिथे येते. तुम्ही लिहिलंय 'निदान घरात आहे हे मला माहितीये, म्हणून झोप लागते'. मला. म्हणजे एकटीला! समजा उद्या दुपारी काही झालं, तुम्ही ऑफिसात अडकलात, रस्ते बंद, फोन लागत नाहीयेत, आणि घरी सासूबाई आणि मुलगी दोघीच. त्या दोघी स्वयंपाकघरात जे दिसेल ते खातील, ते संपलं की तशाच बसतील, आणि ४० किलो तांदूळ त्यांच्यापासून दहा पावलांवर कपाटामागे असेल. ज्यांच्यासाठी इतका खटाटोप केलात त्यांनाच तो साठा सापडणार नाही.

दुसरं असं की लपवलेला साठा नासतो. नशीब वाईट म्हणून नाही, तो लपवलेला आहे म्हणूनच. चालू डब्यातले तांदूळ संपले की तुम्ही कपाटामागचे काढू शकत नाही, कुणीतरी विचारेल कुठून आले म्हणून, त्यामुळे दुकानातून नवे येतात आणि जुने आत पडून राहतात, वर अजून पाच किलो येऊन बसतात. हलवाहलव नाही, उजेड नाही, कपाटामागे भिंतीची ओल. सोंड्यांना आणखी काय पाहिजे? तेव्हा 'सांगू का' आणि 'कसं साठवू' हे तुम्हाला दोन प्रश्न वाटतायत पण मला ते एकच दिसतात, कारण चोरून ठेवलेलं धान्य नीट टिकवायची पद्धतच नाहीये.

टिकवायची जी पद्धत आहे तिला जपानी लोक 'रोलिंग स्टॉक' म्हणतात, नाव भारी आहे पण गोष्ट साधी, जे रोज खाता तेच थोडं जास्त आणायचं, जुनं आधी वापरायचं, वापरलं तेवढं मागून भरायचं. माझ्याकडे शेल्फवर तेलाच्या दोन पिशव्या असतात, पुढची आणि मागची. पुढची फोडली की त्याच दिवशी सामानाच्या यादीत तेल लिहायचं, मागची पुढे सरकते, नवी मागे जाते. मार्करने पाकिटावर महिना-वर्ष मोठ्ठं लिहायचं, कारण कंपनीने छापलेली तारीख शिवणीवर कुठेतरी फिकट असते आणि चष्मा लावूनही दिसत नाही. बस. आपत्तीचं असं वेगळं सामान घरात काही नाहीच, नेहमीचं स्वयंपाकघरच दोन आठवडे लांब झालंय. आणि यातून आपोआप एक नियम येतो, जे घरात कुणी खात नाही ते साठवायचं नाही. तुमच्या त्या १८ कॅनमध्ये मशरूम आणि बेबी कॉर्न किती आहेत हो? तुम्ही लिहिलं नाहीत पण मला संशय आहे, ऑफर असते तेव्हा आपण सगळ्या असलंच काहीतरी उचलतो.

आता पाणी. तुमचं पत्र वाचताना मी इथे थांबले आणि बेरीज परत केली. ४० किलो तांदूळ आणि ६ लिटर पाणी. ताई, एक किलो तांदूळ शिजवायलाच दोन लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे हे तांदूळ नुसते शिजवायला ८० लिटर, पिणं, धुणं, भांडी सोडून! अन्नावाचून माणूस बरेच दिवस तग धरतो, पाण्यावाचून तीनेक दिवसांच्या पुढे अवघड होतं, उन्हाळ्यात त्याच्याही आधी. पण साठवायला बसलं की सगळ्यांचा हात आधी धान्याकडेच जातो, कारण रिकामा डबा आपण पाहिलेला असतो. तुमच्या बाबतीत तर तो आवाजच आहे डोक्यात. आणि सातवा मजला म्हणजे लाईट गेले की पंप बंद, टाकीतलं आहे तेवढं संपलं की नळ कोरडा, तेव्हा तुमच्यासाठी लाईट जाणं आणि पाणी जाणं ही एकच आपत्ती आहे, काही तासांच्या फरकाने.

हिशोब दर माणशी दिवसाला साधारण ४ लिटरचा धरतात, त्यातलं निम्मं प्यायला, निम्मं स्वयंपाक आणि हात-तोंड धुवायला. चौघांचे ३ दिवस म्हणजे ४८ लिटर. चौघांचे १४ दिवस म्हणजे २२४ लिटर, आणि पाण्याचा लिटर म्हणजे किलो, तर २२४ किलो वजन, ते माळ्यावर टाकायचा विचार पण करू नका. तुमच्या फ्लॅटला मी म्हणेन पहिलं टार्गेट ४८ लिटर, मग जागा बघून आठवड्याचं, ११२. दोन आठवड्यांचं नाही जमलं तर नाही जमलं.

माझी एक फजिती सांगते. मी मोठ्या हौसेने २० लिटरचे दोन कॅन भरून बाल्कनीच्या कोपऱ्यात ठेवले होते आणि फार हुशार समजत होते स्वतःला. मग एकदा मेन पाईप फुटला, पाणी नाही, घरी मी आणि माझी आई दोघीच. कॅन वाकवायला गेले तर तो एकदम गडगडला, निम्मं पाणी फरशीवर, मनगट लचकलं ते वेगळंच, आणि जे उरलं त्याला प्लॅस्टिकचा असा वास की चहाला पण चालेना, कारण वर्षभर उन्हात उभा होता तो कॅन. आई म्हणाली, तू नसतीस तर मी काय करणार होते याचं? तेव्हापासून मोठा कॅन घ्यायचा तर खाली तोटी असलेला, नाहीतर सरळ २ ते ५ लिटरच्या बाटल्या, म्हाताऱ्या माणसाला आणि पोराला एका हाताने उचलता येतील अशा. तुमच्या सासूबाईंचा विचार करून घ्या. उन्हात नाही, गाडीचं पेट्रोल, फिनेल, कीटकनाशकं असल्याच्या शेजारी नाही.

पाण्याचा कॅन खाण्या-पिण्याच्या वस्तूंसाठी बनवलेलाच हवा. दुधाचे, ज्यूसचे रिकामे कॅन मात्र नकोत, कितीही घासले तरी आत काहीतरी चिकटून राहतं आणि त्यावर जंतू वाढतात. भरायच्या आधी साबणाने धुवा, मग एक लिटर पाण्यात एक चमचा, म्हणजे छोटा चहाचा चमचा, बिनवासाचं साधं ब्लीच (कपडे पांढरे करायला वापरतात ते क्लोरीनचं पातळ) घालून ते सगळीकडे फिरेल असं अर्धा मिनिट हलवा, ओतून टाका आणि कोरडा होऊ द्या. नळाचं पाणी क्लोरीन घातलेलं येत असेल तर त्यात आणखी काही घालायची गरज नसते, झाकण घट्ट, वर तारीख, आणि दर सहा महिन्यांनी ओतून नवं भरायचं. जुनं पाणी फेकायचं नाही हां, त्याने फरशी पुसा, झाडांना घाला. विकतच्या सीलबंद बाटल्यांचं काम सोपं, त्यावर तारीख असते.

आणि पाण्याबद्दल शंका आली तर उकळा, मोठे बुडबुडे यायला लागल्यावर पूर्ण १ मिनिट, समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं. गॅस नसेल तर तेच बिनवासाचं ब्लीच, ५ ते ९ टक्क्यांचं, १ लिटर स्वच्छ पाण्याला २ थेंब, हलवून ३० मिनिटं थांबायचं. गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळून. ब्लीच वर्षभरात कमजोर होतं, तेव्हा त्याच्यावर पण तारीख लिहा. पण एक लक्षात ठेवा, या दोन्ही गोष्टी जंतू मारतात, पाण्यात केमिकल किंवा इंधन मिसळलं असेल तर उकळून काही उपयोग नाही, ते पाणी सोडूनच द्यायचं. घरात लपलेलं पाणीही असतं, टाकीवाल्या गीझरमध्ये बरंच असतं, आधी त्याचं बटण बंद, पूर्ण गार होऊ द्यायचं, मग खालून काढायचं. आणि वादळाचा इशारा आधी मिळाला तर बादल्या, पातेली, कुकर सगळं भरून घ्यायचं, ते फ्लशला, धुण्याला होईल आणि चांगलं पाणी पिण्यापुरतं वाचेल.

खाण्याचा हिशोब मात्र ऐकून तुम्ही चकित व्हाल. मदतकार्यात दर माणशी दिवसाला २,१०० कॅलरी धरतात. चौघं, १४ दिवस, म्हणजे साधारण १ लाख १८ हजार. कोरड्या धान्या-डाळींच्या एका किलोत ३,५०० च्या आसपास असतात. तर २५ किलो धान्य आणि डाळी मिळून, ३ लिटर तेल, दीड किलो साखर, एवढ्यात दोन आठवडे भागतात! मजेने नाही, पण भागतात. आणि यातलं निम्मं तर कुठल्याही चालू स्वयंपाकघरात आत्ता असतंच. म्हणजे तुमच्याकडे नुसते तांदूळच गरजेपेक्षा जास्त आहेत आणि डाळ, तेल, मीठ यांचा पत्ता नाही. तेव्हा पुढचे काही महिने तांदूळ विकत आणायचेच नाहीत. कपाटामागचे खा. खात खात १५ किलोवर आले की थांबा आणि तिथेच ठेवा.

डाळी घेताना सोललेल्या, पटकन शिजणाऱ्या घ्या, अख्खी कडधान्यं पौष्टिक असली तरी भिजवायला पाणी आणि शिजवायला तासभर गॅस खातात. मुळात पहिले तीन दिवस काहीही न शिजवता खाता येईल असं वेगळं काढून ठेवा, बिस्किटं, सुका मेवा, शिजवलेल्या कडधान्यांचे कॅन, आणि कॅन असतील तर कॅन ओपनर, त्याच डब्यात दोरीने बांधून. इंडक्शनवर स्वयंपाक होत असेल तर लाईट गेल्यावर शिजवणं संपलंच. मग लोक घरात कोळशाची शेगडी नाहीतर जनरेटर लावतात, आणि हे मात्र हात जोडून सांगते, नका करू, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला ना रंग ना वास, माणूस झोपतो तो उठत नाही. खिडकी उघडी ठेवली तरी भरवसा नाही.

लाईट गेल्यावर आधी फ्रिजमधलं संपवायचं, मग फ्रीजरमधलं, आणि साठ्याला हात सगळ्यात शेवटी. फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतलं साधारण ४ तास गार राहतं, गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४. त्या ४ तासांच्या पुढे दूध, शिजवलेलं अन्न, मांस यांची दया करायची नाही. आपण बायका इथेच मार खातो, वास तर येत नाहीये, म्हणून ठेवून देतो.

सोंड्यांचं सांगते कारण तो प्रश्न मला दर महिन्याला येतो. ते बहुतेक वेळा बाहेरून येत नाहीत, अंडी दाण्यातच असतात, आपण उबदार जागा देतो आणि ती फुटतात. नवं धान्य आणलं की फ्रीजरमध्ये, उणे १८ डिग्रीला, तीन-चार दिवस ठेवायचं, किडे अंड्यांसकट मरतात. मग बाहेर काढून पिशवी न उघडता पूर्ण नॉर्मल तापमानाला येऊ द्यायची, ही पायरी लोक गाळतात आणि मग गार दाण्यांवर ओल धरते आणि बुरशी येते, म्हणजे किडे गेले आणि बुरशी आली. मग घट्ट झाकणाचा डबा, अंधारी, कोरडी, गार जागा, जमिनीपासून जरा वर, भिंतीला न टेकवता. फ्रीजर छोटा असेल तर दोन-दोन किलो करून फिरवा. पांढरे तांदूळ वर्षानुवर्षं टिकतात, ब्राऊन राईस मात्र नाही, त्याच्या कोंड्यात तेल असतं ते खवट होतं, पिठाचंही तेच, म्हणून पीठ कमी आणि धान्य जास्त. मीठ, साखर, मध कोरडे राहिले तर खराब होतच नाहीत. तारखांचं पण एक, 'बेस्ट बिफोर' म्हणजे चव-दर्जा त्या तारखेपर्यंत उत्तम, दुसऱ्या दिवशी विष होत नाही. 'यूज बाय' असेल तर ती मात्र पाळायची. तुमच्या दूध पावडरचं झाकण उघडून वास घ्या, जुन्या तेलकट रंगासारखा आला किंवा गाठी धरल्या असतील तर गेली.

बाकी चार गोष्टी भराभर. सासूबाईंच्या गोळ्या, हे तांदळाच्याही आधी, डॉक्टरांना विचारून निदान आठवडा-दोन आठवड्यांच्या कायम जास्त असू द्या आणि त्याही आलटून पालटून वापरा. टॉर्च आणि सेल. थोडी रोख, सुट्ट्या नोटा, कारण लाईट नाही तर कार्ड नाही. घरात तान्हं बाळ, मांजर-कुत्रं असलेल्या वाचकांनी त्यांचं खाणं-पाणी वेगळं मोजा, आणि एका खोलीत भाड्याने राहणाऱ्यांनी या सगळ्या आकड्यांनी घाबरू नका, एका माणसाचे तीन दिवस म्हणजे १२ लिटर पाणी आणि एक छोटी पिशवी, पलंगाखाली मावतं.

आता ते दुसरं. ती वाटी. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात पण मला वाटतं सगळं पत्र तिथेच आहे. वादळामुळे सुरुवात झाली असं तुम्ही म्हणता, पण ती आपत्ती वादळाची नव्हती ना? वडिलांचा पगार थांबला होता. दुकानं उघडी होती, माल होता, तुमच्याकडे पैसे नव्हते. त्या भीतीवर तांदूळ हा अर्धाच उपाय आहे. घरातला एक पगार बंद झाला तर दोन आठवड्यांचं धान्य दोन आठवडे पुरेल, पुढे काय? तिथे बँकेत बाजूला ठेवलेले तीन-चार महिन्यांचे खर्चाचे पैसे कामाला येतात. म्हणून घरखर्चातून जे वाचवताय ते यापुढे कपाटामागे न जाता तिकडे जाऊ दे, नवऱ्याला माहीत असलेल्या खात्यात. मला राहून राहून वाटतं की असं झालं तर तुम्हाला त्या ४० किलोंपेक्षा शांत झोप लागेल, पण हा माझा अंदाज आहे, तुम्ही करून बघा.

आणि एक आकडा ठरवा. कागदावर. इतक्या दिवसांचं पाणी, इतक्या दिवसांचं धान्य, झालं. आकडा नसेल तर 'अजून थोडं' कधीच संपत नाही, कारण भीतीला पोट नसतं. आकडा पूर्ण होऊनही हात थांबत नसेल, रात्री उठून मोजावंसं वाटत असेल, तर एखाद्या समुपदेशकाशी दोन-चार वेळा बोला. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नवऱ्याला सांगायचं कसं? तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत असं दिसतं. एक, न सांगता गुपचूप खाऊन संपवायचं आणि विषय मिटवायचा. मोह होईल, पण मग साठाही गेला आणि भीती तशीच, सहा महिन्यांत पुन्हा सुरू कराल. दोन, अर्धं सांगायचं, 'थोडं जास्तीचं आणलंय' वगैरे. हे सगळ्यात वाईट, कारण उरलेलं अर्धं एक दिवस पुन्हा स्वेटरमधून बाहेर येईल. तीन, सगळं एकदम. मी तिसऱ्याच्या बाजूने आहे. सुट्टीच्या दिवशी, सासूबाई आणि मुलगी दुपारच्या झोपेत असताना, कपाट पुढे ओढायचं आणि दाखवायचं. भाषण नको. 'ते सोंडे इथून आले होते, मी खोटं बोलले' इतकंच पहिलं वाक्य. मग वाटीची गोष्ट सांगा, त्याला ती माहितीये का? तुमच्या पत्रावरून मला वाटतं नाही. तो हसेल कदाचित. हसू दे, माणसं गोंधळली की हसतात. पैशांवरून चिडेलही, आणि तिथे त्याचं बरोबर असेल, तांदळावरून नाही पण लपवण्यावरून, ते ऐकून घ्या.

मग त्याला विचारा, पाणी कुठे ठेवायचं? हा प्रश्न खरा आहे, तुमच्याकडे त्याचं उत्तर नाहीये, आणि त्या तीन दिवसांत सातव्या मजल्यावर बादल्या कुणी चढवल्या होत्या ते तुम्ही लिहिलं नाहीत पण मी ओळखू शकते. ज्याने बादली चढवलीये तो पाण्याला हसत नाही. मुलीला तारखा लिहायचं काम द्या, मार्कर मिळाला की मुलं खूश असतात, आणि सासूबाईंना एकदा हाताला धरून सगळं कुठे आहे ते दाखवा, बाटलीचं झाकण त्यांना उघडता येतंय ना तेही बघा.

तो फुगलेला कॅन मात्र या सगळ्याच्या आधी, आज संध्याकाळीच बाहेर काढा. आत जंतू वाढून गॅस धरलाय म्हणून तो फुगलाय, आणि त्यातला एक जंतू असा आहे की त्याच्या विषाला वास नसतो, चव नसते आणि जरासं जिभेला लागलं तरी जीवावर बेततं. उघडायचा नाही, चाखायचा नाही, दोन पिशव्यांत घट्ट बांधून कचऱ्यात, मुलीच्या आणि मांजरांच्या हाती लागणार नाही असा, आणि मग साबणाने हात धुवा.